आकडे, आलेख आणि साचा
(संस्थेच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. छपाईसाठी लिहून काढताना किरकोळ फेरफार केला आहे.)



ह्या व्याख्यानमालेत आतापर्यंत इतिहास, संतवाङ्मय, आहार असे भरघोस विषय झाले. मजकडे आलेला विषय त्या मानाने कोरडा आहे. कार्यवाहांनी पत्रिकेत तो असा छापला आहे : ‘वेळोवेळी घेतलेल्या आकड्यांचे आलेख असलेली वेबपाने साच्यावरून तयार करणे.’ हे शीर्षक वाचूनही आपण इतक्या संख्येने आलात, ह्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अर्थात भाषणानंतर चहाफराळ आहे, हेही पत्रिकेत छापले होते!

विषय निघाला तो असा. आपल्या धर्मादाय दवाखान्यातील फ्रिजचे तापमान, वसतिगृहाच्या टाकीतील पाण्याची पातळी आणि दोन्ही इमारतींतील विजेचा खप दर पाच मिनिटांनी आपोआप नोंदवावा व त्याचे आलेख कोणाही सभासदाला घरबसल्या पाहता यावेत, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. मांडणी करून देण्याचे काम मजकडे आले. काम मोठे नाही; आठ-पंधरा दिवसांत होईल. पण ते करण्यापूर्वी चार गोष्टी ठरवाव्या लागतात आणि त्या मी एकट्याने ठरवू नयेत असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठी आजचा हा तास.

प्रथम आकडा आणि आकड्यांची मालिका ह्यांतला भेद पाहू. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, ते दिवस बडोद्यात कोणी विसरलेले नाही. त्या दोन-तीन दिवसांत प्रत्येकाच्या फोनवर निरोप येत होते : आजव्याची पातळी इतके फूट, काळाघोडा पुलापाशी पाणी इतके फूट. आकडे खरे असत, पण तळमजल्यावर राहणाऱ्या गृहिणीला त्यांचा उपयोग किती? तिला धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे की नाहीत हे ठरवायचे असते. त्यासाठी पाणी किती आहे एवढे कळून भागत नाही. ते चढते आहे की उतरते आहे आणि तासाला किती, हे कळावे लागते. मागचा निरोप किती वाजताचा, त्यात आकडा काय होता, हे शोधत माणसे फोन चाळीत बसली होती. ज्याने कागदावर वेळ आणि आकडा असे दोन रकाने ओढून लिहिले त्याला पुष्कळ कळले. अशा, वेळेच्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांना संख्याशास्त्रात कालश्रेणी म्हणतात. आणि तीच जर चौकटीच्या कागदावर टिंबे देऊन जोडली, तर आकडे न वाचताही डोळ्यांना चढ-उतार कळतो.

ही युक्ती फार जुनी नव्हे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीविषयी एक पुस्तक काढले. त्यात ४४ आलेख आहेत व एक सोडून बाकी सारे काळावर मांडलेले आहेत : आडव्या रेषेवर वर्षे, उभ्या रेषेवर पैसा. तो एक निराळा निघाला तो स्कॉटलंडचा. त्या देशाची अनेक वर्षांची आकडेवारी त्याला मिळाली नाही, म्हणून एकाच वर्षाचे पट्टे काढून त्याने वेळ निभावली. नसलेली वर्षे त्याने अंदाजाने भरली नाहीत. हा गुण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

प्लेफेअरचे आलेख तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरलेले. एक आलेख म्हणजे कित्येक दिवसांची मेहनत. मात्र ज्याला दर पाच मिनिटांनी नवा आकडा मिळतो, त्याने काय करावे?

ह्याचे एक चांगले उत्तर इंग्लंडमधील लेस्टर शहरी, डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात निघाले. टोबियास ओटिकर हा स्विस तरुण १९९४च्या सुमारास तेथे काम करीत होता. साऱ्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार एकच, आणि तिची ताकद सेकंदाला ६४ हजार बिट. आज आपल्या घरात नातवंडे ज्या वेगाने चित्रपट पाहतात, त्याच्या मानाने ही तार म्हणजे सुतळीच. साहजिकच जो तो विचारी, तार आज इतकी मंद का? ओटिकरने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दर पाच मिनिटांनी राउटरला आकडा विचारी, आलेख काढी आणि तो आलेख घातलेले वेबपान तयार करून ठेवी. ज्याला शंका असेल त्याने ते पान पाहावे! १९९५च्या वसंतात त्याने तो प्रोग्रॅम ‘एमआरटीजी’ ह्या नावाने सर्वांना खुला केला. पुढे डेव्ह रँड ह्या गृहस्थाने त्याचा मंद भाग नव्याने लिहून त्याला कैक पटींनी वेग दिला, आणि जगभरच्या संगणक-खात्यांत हिरव्या डोंगरावर निळी रेघ असलेला तो आलेख ओळखीचा झाला. हिरवा भाग म्हणजे आत येणारी माहिती, निळी रेघ म्हणजे बाहेर जाणारी. गंमत अशी की मुळात त्यात ताजा आकडा डावीकडे येई आणि जुने उजवीकडे सरकत. उजवीकडे वाढणारा आलेख हवा असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागे. पहिल्यांदा पाहणारा हमखास उलटे वाचायचा.

राउटरला आकडा विचारला म्हणजे काय? राउटरमध्ये विजेच्या मीटरसारखे एक मीटर असते. ते तारेवरून गेलेली एकूण माहिती मोजत जाते. कधी मागे येत नाही. विजेच्या मीटरवर ८४१२ दिसले म्हणून आपण काही ८४१२ युनिटचे बिल भरत नाही, मागच्या महिन्याचा आकडा वजा करतो. येथेही तेच : आताचा आकडा उणे मघाचा, भागिले मधले सेकंद. आले त्या वेळचे वेगमान. पण आकडे संपले की मीटर शून्यावरून सुरू होते. त्या काळचे राउटरमधील मीटर ४,२९,४९,६७,२९५पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येई. सेकंदाला दहा कोटी बिट नेणारी तार पूर्ण भरून वाहत असेल तर हे पावणेसहा मिनिटांत घडते, आणि त्याच्या दसपट तारेवर ३४ सेकंदांत. पाच मिनिटांनी जाऊन विचारणाऱ्याला मधे मीटर किती वेळा फिरले हे कळायचे कसे? म्हणून पुढे मोठे मीटर आले. हे सांगण्याचे कारण एवढेच की कोणत्याही आलेखामागे एक वाचन असते आणि वाचनामागे एक यंत्र. त्या यंत्राचा स्वभाव ठाऊक नसेल तर आलेख कितीही सुबक निघाला तरी फसवतो.

आता साच्याकडे वळू. भगिनीवर्गाला साचा मी काय समजावणार? मोदकाचा साचा प्रत्येक घरी असतो. परंतु आपल्याला हवा तो साचा मोदकाच्या साच्यापेक्षा आपल्या पावतीपुस्तकाला अधिक जवळचा आहे. ‘श्री. अमुक यांजकडून रुपये अमुक आभारपूर्वक पावले.’ मजकूर, संस्थेचे नाव, मुद्रा, सहीची जागा हे सारे छापलेले. मधे कोऱ्या जागा. कारकुनाने नाव व रक्कम भरली की पावती झाली. वेबपानाचा साचा असाच असतो. शीर्षक, चौकट, आलेखाखालची टीप हे सारे एकदाच लिहितात आणि जेथे आकडा किंवा आलेख यावयाचा तेथे एक खूण करून ठेवतात. ओटिकरने १९९९ साली ‘आरआरडीटूल’ हे पुढचे साधन प्रसिद्ध केले. त्यात ही सोय फार नेटकी आहे. साधे वेबपान लिहावे, आणि मधे एका विशिष्ट खुणेत लिहावे की येथे दवाखान्याच्या फ्रिजचा गेल्या चोवीस तासांचा आलेख काढ. कोणी पान उघडले की प्रोग्रॅम ती खूण वाचतो, नोंदवहीतून आकडे घेतो, आलेख काढतो आणि खुणेच्या जागी बसवून पान पाठवतो. मघाचा आलेख अजून ताजा असेल तर तोच देतो, उगाच दुसरा काढीत नाही. ह्या गुणाला त्या साधनात ‘आळशी’ असेच नाव दिले आहे. असा आळस चांगला.

साच्याचा लाभ उघड आहे. एक फ्रिज असो की चाळीस, साचा एकच. फक्त नाव बदलते. तळटीप बदलावयाची झाली तर एके ठिकाणी बदलली की चाळीस पाने बदलली. २०१४पासून ‘ग्राफाना’ नावाचे साधन प्रचारात आले आहे. त्यात पानाच्या माथ्यावर एक पेटी असते. तीतून यंत्राचे नाव निवडले की तेच पान त्या यंत्राचे होते. रूप नवे असले तरी कल्पना पावतीपुस्तकाचीच.

पण पावतीपुस्तकात जर छापताना चूक राहिली, तर ती शंभरही पावत्यांवर जाते. म्हणून साचा ठरवणारा माणूस पुढच्या प्रत्येक पानावर काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे आधीच ठरवून मोकळा होतो. पाहणाऱ्याला ते कळतही नाही, कारण न दाखवलेली गोष्ट दिसत नसते. कार्यकारी मंडळापुढे हा विषय यावा असे मी म्हणालो, ते ह्यासाठी.

पहिली ठरवावयाची गोष्ट : जुन्या नोंदींचे काय करावयाचे? दर पाच मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला २८८ आणि वर्षाला १,०५,१२० नोंदी. हे झाले एका फ्रिजचे. एमआरटीजी आणि आरआरडीटूल ह्यांनी ह्यावर जी तोड काढली, ती आपल्या शेतावरच्या रहाटगाडग्यासारखी आहे. रहाटाला गाडगी ठरलेली. शेवटचे गाडगे भरले की पुन्हा पहिल्याची पाळी. त्यातले जुने पाणी सांडते, नवे भरते. नोंदवहीचा आकार पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच दहाव्या वर्षी. मात्र सांडण्यापूर्वी पाण्याची मोजदाद होते. पाच मिनिटांच्या नोंदी एक-दोन दिवस ठेवतात; अर्ध्या तासाची सरासरी आठवड्याच्या आलेखासाठी, दोन तासांची महिन्यासाठी आणि दिवसाची सरासरी वर्षासाठी. म्हणून एमआरटीजीच्या पानावर एकाखाली एक चार आलेख असतात : दिवस, आठवडा, महिना, वर्ष. लाखभर नोंदींच्या जागी दोन-तीन हजारांत काम भागते. आपल्या कोषाध्यक्षांना ह्यात नवे काही वाटणार नाही. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद अशी चढण ती हीच. फरक एवढाच की ताळेबंद झाला म्हणून आपण रोजकीर्द जाळत नाही, आणि हे यंत्र ती जाळते.

सरासरीत काय जळते, त्याचा एक अनुभव सांगतो. मी ज्या कारखान्यात संगणक-जाळ्याचे काम पाहत होतो, तेथे २००३ साली रोज सकाळी दहा वाजता ओरड होई की तार चालत नाही. तार पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. त्याने वर्षाचा आलेख पुढे ठेवला आणि म्हणाला, “साहेब, तुमची तार तिसरा हिस्सासुद्धा वापरली जात नाही.” आलेख खोटा नव्हता. पण वर्षाच्या आलेखातला एकेक बिंदू म्हणजे अख्ख्या दिवसाची सरासरी. आमचे कामाचे तास आठ. त्यात तार काठोकाठ भरे. उरलेले सोळा तास चौकीदाराखेरीज कोणी नसे. आठ तास भरलेली आणि सोळा तास रिकामी तार सरासरीत तिसरा हिस्साच दिसणार! आम्ही आदल्या दिवसाचा पाच मिनिटांचा आलेख दाखवला. सकाळी दहापासून सहापर्यंत डोंगराचा माथा करवतीने कापावा तसा सपाट होता, कारण तारेत त्याहून अधिक मावतच नव्हते. गृहस्थ तेवढ्यावर गप्प झाले. मोठी तार यायला पुढे सात महिने लागले, ते निराळे.

तारेच्या बाबतीत नुकसान झाले ते वेळेचे. फ्रिजची गोष्ट तशी नाही. आपल्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये गरीब रुग्णांसाठी ठेवलेले इन्सुलिन असते, धनुर्वाताची लस असते. ह्या वस्तू २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहाव्या लागतात. उष्णतेने त्या बिघडतात हे सर्वांना ठाऊक आहे. गोठल्यानेही बिघडतात हे पुष्कळांना ठाऊक नसते. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरू नये. धनुर्वाताच्या लशीतला तुरटीच्या जातीचा अंश गोठल्यावर गुठळी धरतो आणि लशीचा गुण जातो. बाटली मात्र वरवर पूर्वीसारखीच दिसते.

आता समजा, फ्रिजचा थर्मोस्टॅट बिघडून एका रात्री दोन तास तापमान उणे २ अंशांवर गेले आणि दिवसाचे उरलेले बावीस तास ते ५.२ अंशांवर राहिले. सरासरी काढा. बावीस गुणिले ५.२ म्हणजे ११४.४, त्यातून चार वजा, चोविसाने भागले की ४.६. वर्षाच्या आलेखावर त्या दिवशी ४.६ अंश दिसतील. ह्याहून निर्दोष आकडा मागूनही मिळायचा नाही! पाच मिनिटांच्या नोंदींचे गाडगे दोन दिवसांनी सांडले की त्या रात्रीचा पुरावा जगात कोठेही उरत नाही. आठवड्याने डॉक्टरांना शंका आली तरी विचारावयाचे कोणाला? आणि ते औषध तोवर कोणाच्या तरी दंडात गेलेले असते. त्या माणसाची साखर का उतरत नाही, ह्याचे कारण पथ्यात शोधत सारे घर बसते.

ह्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. दर टप्प्याला सरासरीबरोबर त्या अवधीतले किमान व कमाल हे दोन आकडेही ठेवावेत. आरआरडीटूलमध्ये त्यासाठी निराळे रकाने मागता येतात. एमआरटीजीतही शिखर दाखवण्याची सोय आहे, पण ती मागितल्यावाचून मिळत नाही. मेख अशी आहे की हे रकाने नोंदवही उघडतानाच मागावे लागतात. सरासऱ्यांतून मागाहून किमान काढू गेल्यास हाती येते ते सरासऱ्यांतले किमान, त्या रात्रीचे उणे दोन नव्हे. म्हणून माझी पहिली मागणी : आपल्या साच्यात वर्षाच्या आलेखावर सरासरीची एक बारीक रेघ असावी आणि किमान ते कमाल असा पट्टा तिच्यामागे फिक्या रंगात असावा. २ आणि ८ अंशांवर तांबड्या रेघा असाव्यात. पट्टा रेघेबाहेर गेला की दवाखान्यातल्या शिपायालाही कळावे.

एक बारीक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण कंपाउंडर समोर बसले आहेत. तापमान मोजणारी कांडी हवेत लोंबती ठेवली तर दार उघडताक्षणी आकडा उडतो आणि पान विनाकारण तांबडे होते. ती ग्लायकॉल भरलेल्या लहान बाटलीत बुडवून ठेवतात, म्हणजे ती औषधाच्या गतीने तापते व थंड होते. बाटली औषधांच्या रांगेत मधोमध ठेवावी, दाराच्या कप्प्यात नको. सरकारी लसीकरणाच्या शीतसाखळीतही आता फ्रिजचे तापमान यंत्राने नोंदून मोबाइलच्या जाळ्यावरून कळवतात. तेव्हा आपण काही जगावेगळे करीत नाही.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नोंद आलीच नाही तर आलेखात काय दाखवावयाचे? आपल्याकडे वीज जाते. वीज गेली की फ्रिज बंद, आणि त्याच क्षणी नोंद घेणारा हाताच्या पंजाएवढा संगणक बंद, इंटरनेटची पेटीही बंद. म्हणजे ज्या दोन तासांत औषधाला धोका, नेमक्या त्या दोन तासांच्या नोंदी नाहीत. प्रोग्रॅमने तेथे काय लिहावे? मार्ग तीन आहेत. शून्य लिहावे, मागचाच आकडा पुन्हा लिहावा, किंवा ‘माहीत नाही’ असे लिहावे. एमआरटीजी, निराळे सांगितले नसेल तर, मागचाच आकडा पुन्हा लिहितो. तारेसाठी हे कदाचित चालेल. आपल्या फ्रिजसाठी त्याचा अर्थ काय होतो पाहा. वीज जाताना तापमान ५ होते. दोन तास ५, ५, ५ अशी आडवी रेघ. आत बर्फ वितळून पाणी खाली गळते आहे आणि पानावर मात्र सारे स्थिरस्थावर! शून्य लिहिले तर उलटाच घोटाळा : औषध गोठले असे समजून चांगला साठा फेकला जाईल.

आरआरडीटूलने येथे तिसरा, प्रामाणिक मार्ग घेतला. नोंदवही उघडताना सांगावयाचे की अमुक सेकंदांत नोंद आली नाही तर तेवढा काळ ‘अज्ञात’ समज. आलेखात तेथे रेघ तुटते, कोरी जागा राहते. सरासरी काढतानाही हा नियम पाळला जातो : एखाद्या अवधीतल्या किती नोंदी गहाळ चालतील हे आपण ठरवून द्यावयाचे, आणि त्याहून जास्त गहाळ असतील तर त्या अवधीची सरासरीही अज्ञात. बहुधा ही मर्यादा निम्म्यावर ठेवतात. मला फ्रिजसाठी निम्मी फार सैल वाटते. दिवसातले अकरा तास माहिती नसताना उरलेल्या तेरा तासांवरून ‘दिवसाची सरासरी’ म्हणून आकडा छापणे मला पटत नाही. मी दहावा हिस्सा सुचवतो, आणि तापमान मोजणाऱ्या संगणकाला एक लहानशी बॅटरी. बॅटरी असली म्हणजे इंटरनेट नसले तरी नोंदी त्या संगणकातच साठतील आणि वीज आल्यावर आपल्या खऱ्या वेळेसह पोचतील. ह्यासाठी मंडळाने वेगळी रक्कम मंजूर करावी लागेल. ती एका मध्यम जेवणावळीपेक्षा कमी आहे.

तिसरी गोष्ट मापाची. आलेख काढणारे प्रोग्रॅम बहुधा सर्वांत मोठा आकडा पाहून उभी पट्टी ताणतात, म्हणजे आलेख चौकटभर दिसतो. एकट्या आलेखाला हे शोभते. पण साच्यातून जेव्हा दोन इमारतींची दोन पाने निघतात आणि लोक ती शेजारी ठेवून पाहतात, तेव्हा वसतिगृहाचा विजेचा डोंगर आणि दवाखान्याचा डोंगर सारखेच उंच दिसतात. एकाची पट्टी तीस युनिटांची आणि दुसऱ्याची तीनची आहे, हे बारीक अक्षरांत कोण वाचतो? मग वसतिगृहातली मुले म्हणणार, “आम्हालाच का बोलता?” एकाच मापाच्या वस्तूंना एकच पट्टी असावी, आणि विजेच्या किंवा पाण्याच्या खपाची पट्टी शून्यापासून असावी. तापमानाला शून्याचा आग्रह नको. तेथे उणे ५ ते १५ अशी कायमची पट्टी पुरे. ह्या स्मरणिकेतही विद्यार्थीसंख्येचा आलेख छापावयाचा आहे असे ऐकतो. समजा संख्या ९६ची १०४ झाली. पट्टी ९० पासून धरली तर संस्था दुपटीहून वाढली असे दिसेल; शून्यापासून धरली तर रेघ किंचित वर गेलेली दिसेल. संपादक मंडळ सुज्ञ आहे. मी अधिक बोलत नाही.

टाकीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. टाकी रात्री दोन ते चार ह्या वेळात, कोणी पाणी वापरत नसताना, उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे. पाच मिनिटांचा आलेख हे पहिल्याच रात्री सांगेल.

चौथ्या गोष्टीवर मतभेद आहे, म्हणून ती नीट मांडतो. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला प्रेमाने सुचवले की सभासदांसाठीच्या पानावर फ्रिजची फक्त महिन्याची सरासरी दाखवावी आणि तपशिलाचे पान डॉक्टर व कंपाउंडर यांच्यापुरते ठेवावे. “एखाद्या रात्री वीज गेल्याचे दिसले की देणगीदारांच्या मनात उगाच किंतु येतो,” असे ते म्हणाले. त्यांची कळकळ मी जाणतो. संस्था त्यांनी वाढवली. तिच्या नावाला धक्का लागू नये असे त्यांना वाटणे योग्यच आहे. तांत्रिक दृष्ट्या हे अगदी सोपेही आहे : साच्यातली एक ओळ काढली की झाले. तरीही मी ह्याला अनुकूल नाही. आपल्या हिशेबाच्या वह्या सभासदाला मागितल्यास दाखवण्याची ह्या संस्थेची रीत आहे, आणि आकडा गैरसोयीचा आहे म्हणून ती वही कोणी बाजूला ठेवत नाही. शिवाय व्यवहाराचा प्रश्न आहे. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात, कंपाउंडर रात्री घरी जातात. पाहणारे डोळे दोनच असले तर तुटलेली रेघ सोमवारपर्यंत कोणालाच दिसायची नाही. आपल्या सभासदांत झोप न येणारी ज्येष्ठ मंडळी कमी नाहीत. त्यांच्यापैकी एकानेही पहाटे पान उघडून कंपाउंडरला फोन केला तर फ्रिजमधला माल वाचेल. देणगीदाराला किंतु आला तर त्याने विचारावे. आपण उत्तर द्यावे की त्या रात्री वीज गेली, तापमान अमुक अंशांपर्यंत चढले, डॉक्टरांनी साठा तपासला आणि इतक्या बाटल्या बाद केल्या. हे उत्तर त्याच पानावर, आलेखाच्या खाली, तारखेसह लिहिण्याची जागा मी साच्यात ठेवली आहे. बाद केलेल्या बाटल्यांची संख्याही तेथेच यावी.

मंडळाची सभा येत्या रविवारी आहे. तोपर्यंत नोंदवही उघडू नये, असे मी कार्यवाहांना सांगून ठेवले आहे. एकदा उघडली की रकाने बदलता येतात, पण मागची भरपाई होत नाही. नमुन्याचे पान मात्र बाहेर ओसरीवर टेबलावर लावून ठेवले आहे. ते आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचे आहे, दवाखान्याचे नव्हे. काल दुपारी श्रीखंडाची पातेली आत गेली तेव्हाचा चढ त्यात स्पष्ट दिसतो, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास रेघ तुटली आहे तीही दिसते. त्या वेळी कोणीतरी मोबाइल चार्ज करण्यासाठी आपला प्लग काढला होता. पान पाहून झाल्यावर प्रत्येकाने शेजारच्या वहीत एकच लिहावे : काय पाहावेसे वाटले आणि सापडले नाही. साचा अजून कच्चा आहे, तोवर ते घालता येईल.